भाड्याच्या खोलीतील सामानाचा विमा बंद पडला, तर तो पुन्हा कसा सुरू करावा

विदर्भात तालुक्याच्या गावी भाड्याने खोली घेऊन राहणारा माणूस बहुधा बदलीवर आलेला असतो. जिल्हा परिषदेचा शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, वनरक्षक, बँकेतील लिपिक, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून येऊन राहिलेले शेतकरी कुटुंब, या सर्वांची स्थिती सारखीच असते. भिंती आणि छप्पर घरमालकाचे असते. आतील आलमारी, फ्रीज, कुलर, गाद्या, शिवणयंत्र, मुलांची पुस्तके आणि वर्षभराचा तांदूळ मात्र त्यांचा स्वतःचा असतो. घरमालकाने घराचा विमा काढलेला असला, तरी त्यातून त्याच्या भिंती उभ्या राहतील, भाडेकरूची आलमारी परत येणार नाही. म्हणून भाडेकरूला आपल्या सामानापुरता वेगळा विमा काढता येतो. तो काढणारे आमच्याकडे थोडेच आहेत, आणि मी ज्यांचे कागद पाहिले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा विमा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांच्या नकळत बंद पडलेला होता.

ऑगस्ट २०२० मध्ये मी ब्रह्मपुरी तालुक्यात नोकरीला होतो. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, तेथील संजय सरोवर धरणातून पाणी सोडण्यात आले, आपल्याकडील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि महिनाअखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांत शिरला. आमच्या वाड्यात शेजारच्या खोलीत एक परिचारिकाताई राहत असत. पाणी ओसरल्यावर मी त्यांच्या खोलीत मदतीला गेलो, तेव्हा फ्रीजच्या दाराच्या रबरी पट्टीत बोटभर गाळ बसला होता, शिवणयंत्राचा लाकडी पाट फुगून मधोमध वर आला होता आणि तांदळाच्या पोत्याची शिवण उसवून ओला तांदूळ दिवाणाखाली पसरला होता. सामानाचा विमा त्यांनी काढलेला होता. आलमारीच्या वरच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत पॉलिसी कोरडी सापडली, आणि तिच्यावरील तारीख वाचल्यावर आम्ही दोघेही गप्प झालो. मुदत पोळ्याच्या सुमारास, पुराच्या साधारण दोन आठवडे आधी संपली होती. कोविडच्या कामात त्या महिनोन्‌महिने गुंतलेल्या होत्या, आणि आठवणीचा संदेश त्यांच्या बंद झालेल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर गेला होता. त्यांनी मला विचारले, “एलआयसीसारखे व्याज घेऊन चालू करून देत नाहीत का हो, सर?”

त्या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. पुढे मी ते शोधले, आणि हा लेख त्याच उत्तराचा विस्तार आहे.

आपल्या गावांत विमा म्हटला की जीवन विमा डोळ्यांपुढे येतो. जीवन विम्याचा करार पंधरा, वीस, पंचवीस वर्षांचा असतो आणि हप्ते त्या काळात विभागून भरायचे असतात. मधला एखादा हप्ता चुकला तर संरक्षण थांबते, परंतु करार शिल्लक असतो. म्हणूनच पहिला हप्ता चुकल्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत (बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसीच्या बाबतीत ३ वर्षांच्या आत) थकलेले हप्ते व्याजासह भरून आणि प्रकृतीविषयीचे घोषणापत्र देऊन ती पॉलिसी पुन्हा चालू करता येते. कंपनी त्यासाठी वैद्यकीय तपासणी मागू शकते. याला पुनरुज्जीवन म्हणतात, आणि थांबलेली गोष्ट पुन्हा चालू होत असल्यामुळे तो शब्द तिथे योग्यच आहे.

घरसामानाचा विमा मात्र बहुतेक जण एकेका वर्षाचा घेतात. वर्षाचा हप्ता एकदाच भरलेला असतो आणि त्या बदल्यात कंपनीने ३६५ दिवसांची जोखीम उचललेली असते. शेवटच्या दिवशीची मध्यरात्र उलटली की दोन्ही बाजूंनी करार पूर्ण झालेला असतो. त्यात कोणाचा हप्ता चुकलेला नसतो, म्हणून व्याजासह भरण्यासारखी थकबाकीही नसते. आपण सहज “पॉलिसी बंद पडली” असे म्हणतो. खरे पाहता ती संपलेली असते. हा भेद एकदा लक्षात आला की पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात, आणि तो लक्षात न आल्यामुळेच माणसे चुकीच्या खिडकीपुढे चुकीची मागणी घेऊन उभी राहतात.

यामागे कायदाही आहे. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४ व्हीबी असे सांगते की हप्ता आधी हाती आल्याशिवाय, किंवा तो मिळण्याची कायद्याने मान्य केलेली हमी असल्याशिवाय, विमा कंपनीने कोणतीही जोखीम स्वीकारू नये. त्यामुळे मुदत संपल्याचा दिवस आणि नवा हप्ता भरल्याचा दिवस यांच्यामध्ये जे दिवस गेले, त्या दिवसांतील नुकसानीची भरपाई कोणत्याही मार्गाने मिळत नाही. ही अट कठोर वाटते, पण तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भिशीत प्रत्येकाची पाळी येते, आणि एखाद्याने महिनाभर उशिरा पैसे दिले तरी हिशेब जुळवून घेता येतो. विम्यात असे चालत नाही, कारण शंभर घरांनी आधी जमवलेल्या पैशांतून ज्या दोन-तीन घरांवर आपत्ती आली त्यांना मदत द्यायची असते. पूर आल्यावर हप्ता भरण्याची मुभा ठेवली, तर कोरड्या दिवसांत पैसे भरायला कोणीच येणार नाही आणि वाटायला काही उरणार नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. “मागची तारीख टाकून देतो, कोणाला कळणार नाही,” असे कोणी सुचवले, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. हप्ता कोणत्या दिवशी कंपनीच्या खात्यात आला याची नोंद बँकेत असते, आणि पूर किंवा वीज कोणत्या दिवशी आली हे साऱ्या गावाला ठाऊक असते. असा दावा फेटाळला जातोच, आणि खोटी कागदपत्रे केल्याचा ठपका पॉलिसीधारकाच्या माथी येतो.

मग घरसामानाचा विमा पुन्हा सुरू करणे म्हणजे नेमके काय करणे? जुन्या सामानासाठी, आजच्या तारखेपासून, नवा करार करणे. मुदत संपून थोडेच दिवस झाले असतील, तर कंपनी जुनी माहिती वापरून नूतनीकरण करून देऊ शकते आणि पूर्ण अर्ज पुन्हा भरण्याचा त्रास वाचतो. ही केवळ कागदाची सोय आहे. जोखीम हप्ता मिळाल्यानंतरच सुरू होते. म्हणून नवी पॉलिसी हातात आल्यावर, किंवा मोबाइलवर आल्यावर, सर्वांत आधी सुरुवातीची तारीख आणि वेळ वाचावी. ती आपल्या समजुतीप्रमाणे नसेल, तर त्याच दिवशी लेखी कळवावे.

आरोग्य विम्याच्या अनुभवामुळे अनेकांना अशी धास्ती वाटते की खंड पडला म्हणजे जुने सर्व लाभ बुडाले. आरोग्य विम्यात ती धास्ती खरी आहे. तेथे वार्षिक हप्त्यासाठी मिळणारी ३० दिवसांची सवलतीची मुदत उलटली, तर आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा, जी आता कमाल ३६ महिने आहे, पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. मोटारसायकलच्या विम्यात ९० दिवसांहून अधिक खंड पडला तर दावा न केल्याबद्दलची साठलेली सूट जाते. घरसामानाच्या विम्यात आजारासारखी प्रतीक्षा नसते. त्यामुळे खंडाच्या काळात काही बिघडले नसेल, तर नवी पॉलिसी घेणाऱ्याचे फारसे काही बुडालेले नसते, आणि “आता खंड पडलाच आहे, पुढच्या वर्षी पाहू” असे म्हणून थांबण्याचे काही कारण उरत नाही.

नवी पॉलिसी घ्यायचीच आहे, तर ती अधिक चांगली निवडण्याची ही संधी आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरासाठीची ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी लागू केली आहे. तीत केवळ सामानाचा विमा घेता येतो, म्हणजे घर स्वतःचे नसले तरी चालते. आग, वीज कोसळणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशा अनेक आपत्ती तीत मोडतात. ती एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येते. ज्यांना दरवर्षीची तारीख लक्षात राहत नाही, त्यांनी निदान तीन वर्षांची घ्यावी असे माझे मत आहे, कारण विसरण्याच्या संधीच कमी होतात.

या पॉलिसीतील दोन गोष्टी आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली चोरीची. केवळ चोरी झाली तर मूळ पॉलिसीतून भरपाई मिळत नाही. पूर, आग यांसारखी विमा उतरवलेली आपत्ती आली आणि तिच्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरली जाते. उन्हाळ्याच्या सुटीत खोलीला कुलूप लावून गावी जाणाऱ्या शिक्षकांनी घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे, आणि घर किती दिवस बंद राहिल्यास काय परिणाम होतो ही अट दस्तऐवजात शोधून वाचावी. दुसरी गोष्ट विजेची. मृगाच्या पहिल्या गडगडाटात किंवा दाब वाढल्यामुळे कुलरची मोटार आतल्या आत जळाली, तर त्या मोटारीची भरपाई मिळत नाही. विजेच्या उपकरणाचे शॉर्ट सर्किटने किंवा जादा दाबाने झालेले स्वतःचे नुकसान वगळलेले आहे, मग त्याचे कारण आकाशातली वीज का असेना. त्या मोटारीची आग पडद्याला आणि पडद्यावरून गादीला लागली, तर गादी आणि पडदा मात्र संरक्षणात येतात. ही मर्यादा आधी माहीत असली, तर जळलेला पंखा घेऊन कंपनीच्या कार्यालयात जाण्याचा हेलपाटा वाचतो.

सामानाची किंमत लिहिताना संकोच करू नये आणि फुगवूही नये. आज तीच वस्तू नवी घ्यायला किती लागेल, हा हिशेब धरावा. मी स्वतः एका रविवारी वही घेऊन खोलीच्या दारातून आत गेलो आणि उजव्या हाताने सुरुवात करून भिंतीभिंतीने लिहीत गेलो. ज्याला मी आजवर “किरकोळ सामान” म्हणत होतो, त्यात पितळी गुंड, ताट-वाट्या, चार ब्लँकेट, मुलीची सायकल आणि पाटा-वरवंटा धरून वहीची दोन पाने भरली. दागिने आणि इतर मौल्यवान वस्तू सामान्य सामानात धरल्या जात नाहीत; त्यांची नोंद स्वतंत्र करावी लागते.

अर्जातील प्रश्नांची उत्तरे खरी द्यावीत, कारण विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो आणि दडवलेली एक गोष्ट पुढे अख्खा दावा बुडवू शकते. आपल्याकडे हा प्रश्न छपराशी येऊन थांबतो. सिमेंटचे छत, टिन, कवेलू, गवत, या प्रत्येकाची जोखीम वेगळी. गवत, बांबू, ताडपत्री यांचे छप्पर किंवा भिंती असलेले बांधकाम कच्चे मानले जाते. अनेक जुन्या वाड्यांत समोरची खोली पक्की आणि स्वयंपाकघर मात्र मातीच्या भिंतींवर कवेलू घातलेले असते. तसे असेल तर तसेच लिहावे आणि कंपनीने ते स्वीकारल्याची नोंद पॉलिसीत येते की नाही ते पाहावे. अर्ज दुसऱ्या कोणी भरून दिला असेल, तर सही करण्यापूर्वी प्रत्येक उत्तर मराठीत वाचून घ्यावे. आधीची पॉलिसी कधी संपली हा प्रश्न असेल, तर खंड पडल्याचे न लपवता सांगावे. खंडाच्या काळात काही नुकसान झाले असेल, तर तेही सांगावे. ओल लागून तळ गंजलेली आलमारी नव्या पॉलिसीत धडधाकट म्हणून लिहिली, तर पुढच्या पुरानंतर नुकसान पाहायला येणारा सर्व्हेअर गंज किती जुना आहे हे ओळखतो. त्यापेक्षा नवी पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे आणि मोठ्या वस्तूंचे मोबाइलवर फोटो काढून ते स्वतःलाच ई-मेल करून ठेवावेत. तारीख आपोआप नोंदली जाते.

आता पैसे भरण्याविषयी, कारण प्रत्यक्षात विमा बंद पडतो तो बहुतेकदा येथेच. प्रतिनिधीच्या हाती हप्ता दिला असेल, तर त्याने सुटीचे दिवस वगळून २४ तासांच्या आत तो कंपनीकडे भरावा किंवा टपालाने पाठवावा, असे त्याच कलम ६४ व्हीबी मध्ये सांगितले आहे. म्हणून “पुढच्या बाजाराच्या दिवशी भरतो” हे उत्तर मान्य करू नये आणि पावती कंपनीचीच घ्यावी. धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर पॉलिसीचा कागद हातात असूनही कंपनीवर भरपाईची जबाबदारी राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हे स्पष्ट केले आहे. खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची मंजुरी दिली असेल, तर कार्डाची मुदत, खात्यातील शिल्लक आणि बँकेतील मोबाइल क्रमांक वर्षातून एकदा तरी तपासावा. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचे आणि जुन्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे १ मे २०२५ पासून एकत्रीकरण झाले आहे. ज्यांचे खाते यांपैकी एका बँकेत आहे, त्यांनी आधी दिलेली मंजुरी चालू आहे की नव्याने द्यावी लागेल, हे शाखेत जाऊन विचारून घ्यावे. अलीकडे मला आणखी एक प्रश्न विचारला जातो, की जीएसटी रद्द झाला असताना हप्त्यात तो का लावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी वैयक्तिक जीवन विमा आणि आरोग्य विमा यांवरून गेला आहे. घरसामानाच्या विम्यावर तो लागतो.

एका परिस्थितीत मात्र जुनीच पॉलिसी चालू असल्याचे मानून घेण्याचा आग्रह धरता येतो, आणि तो अवश्य धरावा. आपण मुदतीच्या आत हप्ता भरला होता, पैसे खात्यातून गेले होते, पण कंपनीच्या नोंदीत ते दिसत नाहीत किंवा दुसऱ्याच क्रमांकावर जमा झाले आहेत, असे घडले असेल तर आपली चूक नाही. बँकेचा उतारा, व्यवहाराचा क्रमांक आणि पावती जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर कंपनीचा नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. लोकपालाच्या नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओद्वारे होऊ शकते, त्यामुळे धारणी किंवा सिरोंचा येथील माणसालाही त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागत नाही.

ज्यांचे नुकसान खंडाच्या दिवसांतच झाले, त्यांना विम्यातून काही मिळत नसले तरी शासकीय मदतीचा मार्ग वेगळा आहे आणि तो भाडेकरूंनी सोडू नये. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत कपडे आणि घरगुती भांडी यांच्या नुकसानीसाठीही मदतीची तरतूद आहे. ही रक्कम लहान असते, पण त्यासाठी तलाठ्याने, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, केलेल्या पंचनाम्यात आपले नाव यावे लागते. पंचनामा करणारे पथक घरमालकाच्या नावाने घराची नोंद करून पुढे निघून जाते, असे मी पाहिले आहे. त्या वेळी भाडेकरूने समोर उभे राहून आपल्या सामानाची स्वतंत्र नोंद मागावी. विमा चालू असेल, तेव्हाही हाच पंचनामा दाव्यासाठी उपयोगी पडतो.

परिचारिकाताईंना त्या वर्षी विम्याचे काही मिळाले नाही. नवीन पॉलिसी घेताना त्यांनी तिची सुरुवात मार्चमध्ये येईल अशी केली, म्हणजे नूतनीकरणाची तारीख दरवर्षी वादळ-पावसाच्या बऱ्याच आधी, पगार हाती असताना येते. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत असताना त्यांनी मला पॉलिसी दाखवून विचारले की आता हिचे काय. सामानाचा विमा त्या सामानाच्या पत्त्याशी बांधलेला असतो, म्हणून हलण्यापूर्वीच कंपनीला नवा पत्ता कळवून पॉलिसीवर तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. नाहीतर मुदत शिल्लक असूनही नव्या खोलीतील सामान उघड्यावर राहते. आम्ही ट्रक थांबवला, ओसरीवर बसून नव्या खोलीचा पत्ता, छपराचा प्रकार आणि नवीन मोबाइल क्रमांक असे तीन ओळींचे पत्र लिहिले, त्याचा फोटो कंपनीच्या ई-मेलवर पाठवला आणि पोच आल्यावर गाडी सुटली.